थांबा, लावून देते

हां, तर माझी बायको सायकलसकट कुंपणात पडली, इथवर आपण आलो होतो. तिला जरा वेळ तिथंच राहू द्या. कुंपण झुडपांचं आहे, मऊ आहे, आणि ती काही आरडाओरडा करणाऱ्यातली नाही. तिला बाहेर काढायचं तर आधी तुम्हाला टेलिफोनताई माहीत पाहिजेत. कारण हा किस्सा मी घरात, न्हाव्याच्या दुकानात, बसच्या रांगेत, जिथं कान सापडेल तिथं सांगितला. लोक हसले आणि विसरले. या बाईंनी मात्र तो नीट ऐकला, आणि त्यातून आमच्या जावईबापूंचं आयुष्य रुळावर आणलं.

टेलिफोनताई म्हणजे रोजगार मार्गदर्शन केंद्रातल्या सल्लागार. पाटीवर मोठं नाव आहे, पण लोक एवढंच म्हणतात, ‘टेलिफोनताईंकडे जाऊन ये.’ तरुणपणी त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. कुणी नंबर मागितला की दोरी या भोकातून त्या भोकात, आणि तोंडात एकच वाक्य: “थांबा, लावून देते.” नाही लागला तर, “लागत नाहीये, पुन्हा लावते.” ‘नंबर नाही’ असं म्हणायची त्यांना सवयच नव्हती. अजूनही कुणाचं ऐकताना त्यांची मान डावीकडे कलते, जणू तो हेडफोन तिथंच आहे.

मग यंत्रं आली. लोक आपापले नंबर आपणच फिरवायला लागले आणि सगळ्या मुली घरी गेल्या. ताईही अशाच एका सल्लागाराकडे गेल्या होत्या. त्यानं विचारलं, “काय येतं?” ताई म्हणाल्या, “फोन जोडता येतात.” तो म्हणाला, “ते तर आता कुणालाच नकोत.” झालं, पाच मिनिटांत बाहेर.

बाहेर त्यांची मोठी जाऊ सोबत म्हणून आलेली, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सगळं ऐकलं आणि भर रस्त्यात थोरल्या जावेचा आवाज लावला. “अगं, तू त्यांना ती डॉक्टरांची गोष्ट का नाही सांगितलीस? बाळंतीण अडली होती, डॉक्टर घरी नाहीत, दवाखान्यात नाहीत, सगळे हात चोळत बसलेले. तू न्हाव्याच्या दुकानात फोन लावलास. अर्धी दाढी झालेले डॉक्टर धावत गेले.”

“त्यात काय? दर आठवड्याला त्या दिवशी ते तिथंच असायचे. लोक तिथं फोन करून त्यांना मागायचे, म्हणून ठाऊक होतं.”

“तेच म्हणते मी. बोर्डावर बसलेल्या बाकीच्यांना का नव्हतं ठाऊक? त्यांना काय कान नव्हते?”

ही गोष्ट ताईंनी मला स्वतः सांगितली. म्हणाल्या, “त्या सल्लागाराचं काही चुकलं नाही, आजोबा. त्यानं विचारलं ते मी सांगितलं. माणूस स्वतःबद्दल सांगायला लागला की हुद्दा सांगतो. गोष्ट सांगायला दुसरं माणूस लागतं.” जाऊबाईंच्या त्या बोलण्यावर त्या एका दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत लागल्या, तिथं वर्षानुवर्षं लोकांना योग्य दारापर्यंत पोचवलं, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकल्या, परीक्षा दिल्या आणि शेवटी या केंद्रात आल्या. आल्या त्या दिवशीच त्यांनी आपला नियम घातला: इथं एकटं यायचं नाही. तुमच्याबद्दल चांगलं बोलेल असं एक माणूस घेऊन या. ते बोलेल, आणि तुम्ही गप्प बसायचं.

केंद्र आधी वरच्या मजल्यावर होतं. ताईंनी पाहिलं की ज्यांना गरज जास्त, तीच माणसं जिन्याच्या पहिल्या पायरीवरून परत जातात. कुणाचे गुडघे, कुणाची चाकाची खुर्ची, कुणाच्या कडेवर लेकरू. साहेबांना म्हणाल्या, खाली जागा द्या. साहेब म्हणाले, “वर हवा छान येते.” ताई म्हणाल्या, “हवा येते, माणसं येत नाहीत.” मग इमारतीच्या तळाशी पूर्वी सायकली लावायचे ती खोली त्यांनी झाडून घेतली. दार रुंद आहे, उंबरा नाही. मध्ये टेबल नाही, नुसत्या खुर्च्या, आणि त्यातली एक बिनहातांची, म्हणजे अंगानं भरलेल्या माणसाला अडकायला नको. स्वतः त्या खिडकीकडे तोंड करून बसतात. मी म्हटलं, “ऊन डोळ्यांवर येतं, पाठ करून बसा की.” तर म्हणाल्या, “ज्यांना ऐकू येत नाही ते ओठ बघतात. मी पाठ केली तर माझं तोंड अंधारात जातं.” मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. आमचे मास्तर आयुष्यभर खिडकीकडे पाठ करून बसले, तेव्हा मागच्या बाकावरच्या आम्हा पोरांना का काही कळायचं नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

आता जावईबापू. हे बसचे ड्रायव्हर. आयुष्य स्टिअरिंगमागं गेलं, कधी कुणाला खरचटलं नाही. आणि एक दिवस उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला. ऑपरेशन झालं, पण डोळा काही परत आला नाही. लायसन गेलं, खाकी शर्ट कपाटात गेला, आणि जावईबापू गॅलरीत गेले. सकाळी पेपर उघडायचा, दुपारी घडी घालायची. काहीही विचारा, उत्तर एकच: “चालेल.”

“जेवायचं का?” “चालेल.”

“पंखा लावू?” “चालेल.”

आमची लेक एकदा मला म्हणाली, “बाबा, हे गॅलरीतल्या कुंडीसारखे झालेत. पाणी घालायचं आणि उन्हात सरकवायचं.”

हसली ती, पण हसता हसता पदर डोळ्यांना लावला. त्यात जावईबापूंच्या थोरल्या भावानं एक सोय केली. कुठल्याशा गोदामाच्या फाटकावर वॉचमनची जागा. खुर्ची, छत्री आणि शिट्टी. शिट्टी तर तो आधीच घरी आणून देऊन गेला. “शुक्रवारपर्यंत हो म्हणून टाक, एक तारखेला बसायला लाग.” जावईबापू म्हणाले, “चालेल.” आता वॉचमनचं काम वाईट नाही. आमच्या गल्लीतला वॉचमन त्या फाटकाचा राजा आहे. पण त्याला ते आवडतं. आमच्या जावयांना काय आवडतं हे विचारायचंच कुणाला सुचलं नव्हतं. लेकीला एकच धास्ती होती: हा माणूस त्या खुर्चीत बसला की पुन्हा उठायचा नाही.

तिनंच टेलिफोनताईंची वेळ घेतली. ताईंनी फोनवर नियम सांगितला. लेकीची लॉन्ड्रीतली पाळी, तिला सुट्टी मिळेना. मग जावईबापू कधी नव्हे ते दोन वाक्यं एकदम बोलले. “बाबांना नेतो. घरात बोलणारं माणूस एकच आहे.”

मी इस्त्रीचा सदरा घातला, पायात बूट चढवले आणि निघालो. रस्ताभर मनात जुळवाजुळव. आमच्या पिढीला कुणाबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे एकच तऱ्हा माहीत, तीच मी तिथं लावली. ताईंनी मान कलती केली आणि म्हणाल्या, “सांगा.” मी घसा खाकरला.

“घराणं उत्तम आहे. मुलगा उंचापुरा, स्वभावानं शांत. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. आई-वडिलांच्या शब्दाबाहेर नाही. बहिणी आपापल्या घरी सुखी आहेत, म्हणजे तीही जबाबदारी नाही. रंग थोडा उन्हानं—”

“आजोबा,” ताई म्हणाल्या, “तुम्ही स्थळ सांगताय.”

बाजूच्या खुर्चीवरून जावईबापू पुटपुटले, “दोन पोरं आहेत, तेही सांगून टाका.”

“तुमची लाईन होल्डवर आहे, भाऊ,” ताई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. “आजोबा, गुण नकोत मला. ते सगळ्यांच्या जावयांत असतात. ह्यांनी काय केलं ते सांगा. एखादा दिवस सांगा.”

दिवस. मला दिवस मागितला तर मी वर्ष देतो, हे बाईंना काय माहीत. आणि मला आठवली ती सायकल.

तर कुंपणाकडे चला आता. आमच्या हिची बहीण कालव्यापलीकडे राहते. बस वळसा घालून जाते, चालत लांब पडतं. साठी उलटल्यावर हिनं एक दिवस जाहीर केलं, मला सायकल शिकायची आहे. मुलगा हसला. मी म्हटलं, हाडं मोजून ठेव आधी. जावईबापू मात्र सुट्टीच्या दिवशी एक जुनी सायकल घेऊन आले, सीट खाली केली आणि पान्यानं दोन्ही पॅडल काढून टाकले.

मी म्हटलं, “अहो, पॅडलशिवाय सायकल म्हणजे काय?”

“आधी तोल, मग पाय,” एवढंच.

ही सीटवर बसून दोन्ही पायांनी जमीन ढकलत निघाली, बदकासारखी. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या. जावईबापू सायकलला हातही लावेनात. हिच्या समोर, तोंड तिच्याकडे करून, उलटे चालत जायचे. मी म्हटलं, धरा हो मागून. तर म्हणाले, “मी धरलं तर त्यांना माझा भरवसा येईल. सायकलचा नाही येणार.”

आणखी एक. ‘घाबरू नका’ असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. ते विचारायचे, “भीती कुठं वाटतेय? हातात का पायात?”

ही म्हणाली, “पोटात.”

“मग थोडं बसू या.” दोघं कठड्यावर बसायची, सासू-जावई, शाळा चुकवलेल्या पोरांसारखी. मग पुन्हा सुरू. पॅडल लागले, ही चालवायला लागली, माझी छाती फुगली, आणि गेली ती सरळ कुंपणात.

सगळी गल्ली धावली. मी तर एक चप्पल मागं ठेवून धावलो. जावईबापू तेवढे धावले नाहीत. चालत आले, तिला कुठं लागलंय का ते पाहिलं, आणि कुंपणाजवळ जमिनीवर मांडी घालून बसले. ही आत पानांत, हे बाहेर. विचारतात कसे, “आई, पडायच्या आधी काय दिसत होतं?”

ही म्हणाली, “कुंपण. दुसरं काय दिसणार?”

“बरोबर. कुंपणाकडे बघितलंत, म्हणून सायकल तिकडं गेली. उद्या रस्त्याकडे बघा.”

आणि दुसऱ्या दिवशी तिनं रस्त्याकडे बघितलं. आता ती बहिणीकडे जाते, येताना माझ्यासाठी पेपर आणते, आणि घंटी अशी वाजवते की गल्लीतली कुत्री बाजूला होतात.

मी हसत थांबलो. इथं लोक नेहमी हसतात. ताई हसल्या नाहीत. मान तशीच कलती.

“मग?” म्हणाल्या.

“मग काय?”

“अजून कुणाला शिकवलं?”

मी विचार केला. “डेपोत नवा ड्रायव्हर रडकुंडीला आला की ह्यांच्या गाडीवर पाठवायचे. एकाला चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलता येईना. ह्यांनी त्याला रिकाम्या बसमध्ये नेलं आणि…” असं करत मी डेपो काढला, धाकट्या मेहुण्याची स्कूटर काढली, शेजारणीच्या मुलाचं पोहणं काढलं. बोलता बोलता माझं लक्ष जावईबापूंकडे गेलं. पाणी प्यायला दिलेला पेला तसाच हातात. चेहरा असा, की दुसऱ्याच कुणाची तरी हकीकत ऐकताहेत आणि तो माणूस त्यांना आवडायला लागलाय.

ताई त्यांच्याकडे वळल्या. “आता तुमची लाईन चालू. ह्यात खोटं किती?”

जावईबापू म्हणाले, “आई दोनदा पडल्या. बाबांनी एकदाच सांगितलं.”

तेव्हा मात्र ताई हसल्या, खळखळून. मग शांतपणे विचारलं, “शिकवायला डोळे किती लागतात?”

जावईबापूंनी पेला खाली ठेवला. मला वाटलं, आता म्हणणार ‘चालेल’. म्हणाले, “एक पुरतो.”

“थांबा,” ताई म्हणाल्या आणि फोन पुढं ओढला, “लावून देते.”

आता असं समजू नका की लगेच लागला. पहिल्या मोटार स्कूलनं सांगितलं, लायसन नसलेला माणूस आम्ही गाडीत शेजारी बसवू शकत नाही. बरोबरच आहे त्यांचं. दुसरीकडे कुणी उचललंच नाही. प्रत्येक वेळी फोन खाली ठेवला की जावईबापूंचे खांदे थोडे खाली यायचे, आणि ताई आम्हाला ऐकू जाईल असं म्हणायच्या, “लागत नाहीये, पुन्हा लावते.” शेवटी एका प्रशिक्षण केंद्रावर लागला. तिथं पायानं अधू असलेल्या माणसांना हातानं चालवायच्या तीनचाकी गाड्या शिकवतात. बंदिस्त मैदानावर, ड्रम आणि खांब लावून. शिकवणाऱ्यानं मैदानात उभं राहायचं असतं, गाडीत बसायचं नसतं. त्यांच्याकडे शिकवणारे होते, पण नुसते ओरडायचे, आणि घाबरलेली माणसं मधेच सोडून जायची. “गुरुवारी पाठवा, बघू,” म्हणाले. ताईंनी फोन ठेवून आम्हाला बजावलं, “बघू म्हणालेत. हो म्हणालेले नाहीत. तेवढं लक्षात ठेवून जा.”

गुरुवारी मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण एवढं बोलून झाल्यावर शेवट न बघता घरी बसणारा मी नव्हे. जाळीबाहेर उभा राहिलो. एक शिंपीणबाई शिकायला आली होती. पोलिओनं एक पाय बारीक, हात मात्र शिवणयंत्रासारखे चलाख. गाडी सुरू केली की पहिल्या ड्रमला जाऊन धडकायची. त्या दिवशीही धडकली. म्हणाली, “नाही व्हायचं माझ्याच्यानं,” आणि कुबड्या मागायला लागली. केंद्राच्या साहेबांनी कपाळाला हात लावला.

जावईबापू चालत गेले. ड्रमशेजारी जमिनीवर मांडी घातली. एवढा उंच माणूस, पण आता ती बाई वर आणि हे खाली.

“ताई, धडकायच्या आधी काय दिसत होतं?”

मला जाळीबाहेर हसू आवरेना. मग ते उठले, गाडीसमोर उभे राहिले आणि तिच्याकडे तोंड करून उलटे चालायला लागले. उजवा डोळा कामाचा नाही म्हणून मान थोडी वळवून. ती गाडी त्यांच्या मागं मागं, ड्रमला वळसा घालून, खांबांमधून, अख्ख्या मैदानाला फेरी मारून आली. शिंपीणबाई उतरायला तयार होईना.

त्या संध्याकाळी थोरल्या भावाचा फोन आला. लेक स्वयंपाकघराच्या दारात उलथणं घेऊन उभी, ही घंटी पुसायचं सोडून कान देऊन बसलेली. जावईबापू म्हणाले, “दादा, तू एवढं बघितलंस, पण मी नाही यायचा. मला काम आहे.” भाऊ पलीकडून काहीतरी बोलला. “हो, शिट्टी देतो ना परत,” हे म्हणाले. ती त्यांनी अजून दिलेली नाही. मैदानावर गळ्यात असते.

फोन ठेवल्यावर लेकीनं विचारलं, “जेवायला वाढू?” तर म्हणतात, “आधी काय केलंय ते सांग.” तिनं उलथण्यासकट तोंड फिरवलं. ती रडतेय का हसतेय ते आम्ही कुणी बघितलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी ताईंना कळवायला गेलो. फोन करता आला असता, पण फोनवर हात हलवून सांगता येत नाही. बाहेर बाकावर एक माणूस बसला होता, तिशीतला, एकटाच. कागदाच्या पिशवीत कपडे. मी विचारलं, “तुमचं माणूस यायचंय का?” म्हणाला, “माझ्याबद्दल चांगलं बोलेल असं कुणी नाही, आजोबा. तुरुंगातून सुटलोय परवा.” मी म्हटलं, “मग वेळ आहे आपल्याकडे,” आणि शेजारी टेकलो. मी फार विचारलं नाही. मी माझी दातांची कवळी कशी हरवली ते सांगितलं, तर तो म्हणाला, आत तो मुदपाकखान्यात होता, आणि दात नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी रोज पोळीचा कुस्करा वेगळा काढून ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. कोण किती चावतं हे त्याला वाढताना दिसायचं.

दार उघडलं. ताईंनी त्याला विचारलं, “सोबत कोण?”

मी उठलो. “मी.”

“तुमचं नातं?”

“बाकावरचं.”

ताईंनी मला आत घेतलं. मी त्या कुस्कऱ्याची गोष्ट सांगितली. जराशी माझ्या पद्धतीनं सांगितली असेल, पण खोटं घातलं नाही. तो माणूस गप्प बसून ऐकत होता, आणि चेहरा बघितला तर अगदी आमच्या जावईबापूंसारखा. ताईंनी फोन पुढं ओढला.

तो गेल्यावर मी तिथंच रेंगाळलो. म्हटलं, “ताई, इथं एकटी माणसं बरीच येत असतील. मला घरी काही उद्योग नाही. नातू म्हणतो, आजोबांना फक्त बोलता येतं. माझ्यासारख्यासाठी आहे का काही काम तुमच्याकडे?”

ताईंनी मान डावीकडे कलती केली आणि म्हणाल्या, “मंगळवारी या, आजोबा. एकटे नका येऊ, जावईबापूंना घेऊन या. ते बोलतील, आणि तुम्ही गप्प बसा.”